नळी जाण्याआधीचं मिनिट

पेशंट झोपला की भूल दिली गेली, असं ओटीबाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं. आत भूलतज्ज्ञाच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग तेव्हा कुठे सुरू होतो. झोपेचं औषध शिरेतून गेलेलं असतं, पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे रिलॅक्संट, जातं आणि थोड्याच वेळात त्या माणसाचा श्वास थांबतो. तो मुद्दाम थांबवलेला असतो. श्वासनलिकेत नळी जाऊन ती यंत्राला जोडली गेली की यंत्र श्वास देऊ लागतं. मधल्या वेळात नेहमीच्या ऑपरेशनमध्ये तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा देता येते. पण अपघात होऊन थेट जेवणावरून उठून आलेला माणूस असेल, तर तेही शक्यतो टाळतात. दाबाने दिलेली हवा पोटात गेली की अन्न वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून दुचाकीवरून निघालेल्या आणि वाटेत पडलेल्या तरुणाची भूल म्हणूनच साध्या हर्नियाच्या भुलेपेक्षा कितीतरी जोखमीची असते.

त्या मधल्या वेळाचा हिशेब आधी मांडू. श्वास सोडल्यावरही आपल्या फुप्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करतं. साध्या हवेचा एक पंचमांश भाग ऑक्सिजन, म्हणजे त्या अडीच लिटरमध्ये तो जेमतेम अर्धा लिटर. श्वास थांबला तर मिनिट-दोन मिनिटांत बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा घसरायला लागतो. म्हणून भूल देण्याआधी तीन मिनिटं मास्क घट्ट धरून शुद्ध ऑक्सिजन देतात. पेशंटला गुदमरल्यासारखं वाटतं, तो मास्क ढकलतो, पण त्या तीन मिनिटांनी धडधाकट माणसाच्या खात्यावर सात-आठ मिनिटं जमा होतात. अतिलठ्ठ माणूस, दिवस भरलेली बाई आणि तान्हं बाळ यांना त्याच्या निम्मीही मिळत नाहीत.

रिलॅक्संटचा डोस ठरवायचा तो या घड्याळाकडे बघून. पुस्तकात तो दर किलोमागे इतके मिलिग्रॅम असा लिहिलेला असतो आणि तो पाठ करायला कठीण नाही. पण भूलतज्ज्ञाला त्यातून दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. किती सेकंदांनी नळी घालता येईल? आणि नळी गेलीच नाही, तर हा माणूस पुन्हा आपला आपण श्वास कधी घेईल?

हे औषध लागतंच कशाला, असं कुणी विचारेल. घशाशी काही परकं आलं की स्वरतंतू कडी लावल्यासारखे मिटतात, जबडा आवळतो, खोकल्याची उबळ येते. झोपेतसुद्धा ही राखण चालू राहते. पूर्वी हे सगळं सैल करायला ईथर किंवा क्लोरोफॉर्म इतकं खोल द्यावं लागे, की हृदयावरच बेतायचं. २३ जानेवारी १९४२ या दिवशी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते हेच विष. त्या दिवसापासून झोप, वेदनाशमन आणि सैलपणा ही तीन कामं तीन वेगळ्या औषधांकडे सोपवता आली आणि भूल हलकी ठेवूनही मोठी ऑपरेशनं करता येऊ लागली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. रिलॅक्संटने झोप येत नाही आणि वेदनाही कमी होत नाहीत. क्युरारेच्या पहिल्या वर्षांत काही डॉक्टरांनाही ते मेंदूवर काम करतं असं वाटत होतं. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी पूर्ण शुद्धीत असताना स्वतःला क्युरारे टोचून घेतलं. पापणीही हलवता येणार नाही इतकं. सहकारी त्यांना श्वास देत राहिले. नंतर स्मिथ यांनी त्या वेळात काय बोललं गेलं, कुठे टोचलं गेलं हे सगळं सांगितलं. १९४७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपेच्या औषधाचा डोस कमी पडला आणि रिलॅक्संटचा पुरेसा झाला, तर काय भयंकर अवस्था होईल हे त्यामुळे डॉक्टरांना कायमचं कळलं.

आता हे औषध नेमकं करतं काय? मज्जातंतू जिथे स्नायूला भिडतो, तिथे मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. स्नायूवरच्या ठरावीक जागांवर ते जाऊन बसलं की स्नायू आकसतो. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं रिलॅक्संट या जागा आधीच धरून ठेवतं. ॲसिटिलकोलिन येतं आणि उभंच राहतं. निसर्गाने या जागा गरजेपेक्षा खूप जास्त ठेवल्या आहेत. जवळपास पंचाहत्तर टक्के जागा अडल्या तरी स्नायूची ताकद कमी झाल्याचं दिसत नाही. पूर्ण सैल पडायला नव्वद टक्क्यांहून जास्त अडाव्या लागतात. डोस थोडा कमी पडला तर थोडंसंच काम होईल, असा हिशेब इथे चालत नाही. काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं.

याच्यातूनच एक गमतीचा नियम निघतो. जे औषध जास्त जालीम, ते सावकाश चढतं. जालीम औषध मिलिग्रॅमने कमी लागतं, म्हणजे त्याचे रेणूच कमी. थोड्या रुमालांनी सगळी गाडी अडवायला वेळ लागणारच. कमी जालीम औषध भरपूर द्यावं लागतं आणि ते झुंडीने येऊन जागा भरतं. व्हेक्युरोनियम नळीसाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम देतात आणि अडीच-तीन मिनिटं थांबतात. त्याचंच भावंड असलेलं रोक्युरोनियम ०.६ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे सहापट, पण ते मिनिट-दीड मिनिटात काम करतं. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ बोमन यांनी १९८८ मध्ये हे नातं मांडलं. त्यानंतर मुद्दाम कमी जालीम औषध शोधायचं, अशी उलटी वाटणारी दिशा संशोधनाला मिळाली. रोक्युरोनियम त्याच वाटेवर सापडलं आणि १९९४ पासून वापरात आलं.

एक प्रत्यक्ष हिशेब करून बघू. साठ किलोची बाई आहे, पित्ताशय काढायचं आहे, रात्रीपासून उपाशी आहे. घाई नाही. व्हेक्युरोनियमची दहा मिलिग्रॅमची पूड दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवली की सहा मिलिलिटर द्यायचं, मास्कने श्वास देत तीन मिनिटं थांबायचं आणि नळी घालायची. हीच बाई आतडं अडकून, पोट फुगून, उलट्या करत मध्यरात्री आली तर तीन मिनिटं कुणाकडे आहेत? मग रोक्युरोनियमचा डोस दुप्पट करतात, किलोमागे १.२ मिलिग्रॅम, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. पन्नास मिलिग्रॅमची एक कुपी पुरत नाही, दुसरी फोडावी लागते. साठ सेकंदांत नळी घालण्याजोगी स्थिती येते. त्याची किंमत अशी, की श्वास परत यायला एक तासाहून जास्त लागू शकतो. नळी घालताच आली नाही तर काय करायचं, हे दुसरी कुपी फोडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

तिसरा पर्याय सक्सामेथोनियम, ज्याला आपल्याकडचे भूलतज्ज्ञ अजून ‘स्कोलिन’ म्हणतात. हा रेणू १९०६ सालीच तयार झाला होता, पण ज्या प्राण्यांवर तो तपासला त्यांना आधीच क्युरारे दिलेलं होतं. सैल पडलेला प्राणी आणखी सैल पडल्याचं कुणाच्या लक्षात येणार? त्याचा हा गुण ओळखायला १९४९ उजाडलं. हे औषध जागा नुसती अडवत नाही, बसल्यावर स्नायूला एकदा पेटवतंही. म्हणून ते दिलं की पेशंटच्या भुवईपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फडफड उठते, बघणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याचा जीव दचकतो आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं निपचित होतं. किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, मिनिटाच्या आत परिणाम आणि पाच ते दहा मिनिटांत उतार. तान्ह्या बाळाला मात्र किलोमागे दोन मिलिग्रॅम लागतं, कारण त्याच्या शरीरात पेशींबाहेरचं पाणी प्रमाणाने जास्त असतं. भाजल्यावर दिवस-दोन दिवस उलटलेला, अर्धांगाने पडून असलेला किंवा स्नायूंचा आजार असलेला पेशंट असेल, तर हे औषध वर्ज्य. अशा स्नायूंतून रक्तात इतकं पोटॅशियम सुटतं की हृदय बंद पडू शकतं.

किलोमागे म्हणजे कुठल्या किलोमागे, हा प्रश्न कोल्हापुरात चांगलाच खरा आहे. पेठेतला एकशे वीस किलोचा व्यापारी आणि तालमीतला एकशे वीस किलोचा मल्ल, दोघांची उंची १७० सेंटिमीटर. रोक्युरोनियम चरबीत फारसं शिरत नाही, ते शरीरातल्या पाण्यात फिरतं. व्यापाऱ्याला उंचीवरून काढलेलं योग्य वजन, म्हणजे सत्तर किलो, धरून ८४ मिलिग्रॅम पुरतात. काट्यावरच्या वजनाने १४४ दिले तर तो तासन् तास सैल पडून राहील. मल्लाला सत्तर किलोचं सूत्र लावणं चुकीचं, कारण त्याचं वजन बरंचसं स्नायूंचंच आहे. आणि स्कोलिन द्यायचं असेल तर व्यापाऱ्यालाही काट्यावरचंच वजन धरतात. लठ्ठ माणसाच्या रक्तात ते मोडणारं एन्झाइमही जास्त असतं आणि कमी डोसने नळीची वेळ साधत नाही. एकच माणूस, दोन औषधं, दोन वेगळी वजनं.

स्कोलिन पाच-दहा मिनिटांत उतरतं ते या एन्झाइममुळेच. रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. यकृतात तयार होणारं हे एन्झाइम दिलेल्या औषधाचा बराच भाग स्नायूपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकतं. आणि शेतीच्या जिल्ह्यातली भूल शहरी पुस्तकातल्या भुलेपेक्षा वेगळी होते ती नेमकी इथे.

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर रुग्णालयात, जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांतून पेशंट येतात. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून दिवसभर फवारणी केलेला एखादा शेतमजूर संध्याकाळी घाम आणि लाळ गळत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या अवस्थेत आणला जातो, तेव्हा दारातल्या डॉक्टरला निदान करायला वेळ लागत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनची झाडलोट करणाऱ्या एन्झाइमला निकामी करतात. ॲसिटिलकोलिन साचत जातं, स्नायू आधी थरथरतात, मग थकून पडतात; फुप्फुसं पाण्याने भरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा राज्याचं लक्ष थोडे दिवस इकडे वळलं होतं. त्या वेळी दोष एकाच औषधाला किंवा एकाच गटाला देता येत नव्हता, पण फवारणाऱ्याच्या अंगावर नीट कपडे, हातमोजे, मास्क नव्हता हे सगळीकडे सारखंच होतं.

अशा पेशंटला विषावरचं ॲट्रोपिन चालू असतानाच श्वास पुरेनासा झाला तर नळी घालावी लागते. घाईची नळी म्हटल्यावर हात सवयीने स्कोलिनकडे जातो. पण जे विष एका एन्झाइमला मारतं ते दुसऱ्यालाही, म्हणजे रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेजलाही मारतं. पाच मिनिटांचं औषध काही तासांचं होतं. पेशंट तसाही व्हेंटिलेटरवरच जाणार आहे, मग बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. नळी पहिल्या प्रयत्नात गेली तर फारसं बिघडत नाही. ती गेली नाही तर ‘थोड्या वेळात श्वास परत येईल’ ही जी शेवटची आशा स्कोलिनमध्ये असते, ती इथे नसते. शिवाय पुढचे काही तास त्याचा लुळेपणा विषाचा की आपल्या औषधाचा, हे ओळखता येत नाही. म्हणून इथे रोक्युरोनियम बरं, आणि तेही भरपूर. जागांसाठी झगडणारं ॲसिटिलकोलिन आधीच ढिगाने साचलेलं असतं, त्यामुळे नेहमीचा डोस तोकडा पडू शकतो. रोक्युरोनियमचा उतारा म्हणून निओस्टिग्मिन देऊन चालत नाही, कारण निओस्टिग्मिन स्वतःच त्या एन्झाइमला अडवूनच काम करतं. विषाच्याच बाजूने ढकलणं होईल. सुगामाडेक्स हे नवं औषध या भानगडीत पडत नाही. ते रोक्युरोनियमच्या रेणूलाच आपल्या पोटात कोंडून टाकतं.

आणि एवढ्याने संपत नाही. पेशंट सुधारला, बोलायला लागला, नातेवाइकांनी मंदिरात नारळ फोडला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येईना. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करल्लीयद्दे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हा प्रकार नीट वर्णन केला. विष गेल्यापासून एक ते चार दिवसांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. अशा वेळी वॉर्डातल्या नर्सने ‘मान उचला बघू’ म्हणणं ही तपासणी जीव वाचवू शकते.

फवारणीचा परिणाम बाधा न होताही मागे राहतो. रोज थोडंथोडं अंगात जात राहिलं तरी स्कोलिन मोडणारं एन्झाइम खालावतं आणि नवं तयार होऊन पातळी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात तोच माणूस हर्नियाच्या ऑपरेशनला आला तर तो चांगला दिसतो, त्याची रक्त-लघवीची नेहमीची तपासणी चांगली असते. ‘गेल्या महिन्यात फवारणी केली का?’ हा प्रश्न भूलतज्ज्ञाने विचारला नाही, तर दुसरं कुणी विचारणार नाही.

काहींना हे एन्झाइम जन्मतःच मिळत नाही. जगभर पाहिलं तर अशी माणसं हजारांत एकही नसतील. पण आपल्याकडे आर्य वैश्य समाजात हे प्रमाण बरंच जास्त आढळलेलं आहे. कोइंबतूरमध्ये या समाजातल्या कुटुंबांचा अभ्यास होऊन २००६ मध्ये त्यामागचा जनुकातला नेमका बदलही प्रसिद्ध झाला. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपल्याकडे नांदेड, लातूर, सोलापूर, चंद्रपूर अशा भागांत हा समाज आहे. पिढ्यान् पिढ्या नात्यात लग्नं होत आल्याने हा बदल टिकून राहिला. रोजच्या जगण्यात त्याने कसलाही त्रास होत नाही, माणूस ऐंशी वर्षं जगेल आणि त्याला कळणारही नाही. फक्त स्कोलिन दिलं की त्याचा श्वास कित्येक तास परत येत नाही. ही लाजेची किंवा लपवण्याची गोष्ट नाही. रक्तगट सांगावा तशी ती सांगायची आहे. आणि कळलं नसताना असं घडलंच, तर उपाय साधा आहे. घाबरायचं नाही, झोपेचं औषध चालू ठेवायचं, व्हेंटिलेटरवर ठेवायचं, औषध आपोआप उतरतं.

ऑपरेशनच्या सुरुवातीला डोस कमी पडला तर लगेच कळतं, पण शेवटी उरलेला डोस लवकर लक्षात येत नाही. बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुलींचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. रिलॅक्संटशिवाय भुलेमुळे मृत्यूचं प्रमाण २१०० मध्ये एक होतं. रिलॅक्संट दिलेल्यांत ३७० मध्ये एक. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. पण औषधाचा अंश अंगात राहिलेल्या पेशंटला ‘जागा झाला’ म्हणून सोडून देणं घातक असतं, हे तेव्हापासून मान्य झालं. १९७० च्या सुमाराला मनगटापाशी नसेला विजेचे चार हलके झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजायची पद्धत आली. चौथी हालचाल पहिलीच्या किमान नऊ दशांश भरली तरच नळी काढायची, हा आजचा दंडक आहे. मान पाच सेकंद उचलून धरता आली की झालं, ही जुनी खूण पुरेशी नाही. अंगात बराच अंश शिल्लक असूनही माणूस मान उचलतो, आणि अर्ध्या तासाने रिकव्हरीत त्याचा घसा मिटतो.

माझ्या मते ऑपरेशन होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, मग ते कितीही लहान नर्सिंग होम असो, अंगठ्याची ही हालचाल मोजणारं यंत्र असायलाच हवं. कित्येक भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार ठिकाणी जाऊन भूल देतात आणि औषधाची पेटी, लॅरिंगोस्कोप स्वतःबरोबर घेऊन फिरतात. त्या पेटीत हे छोटं यंत्रही मावतं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून त्यांना वाटेला लावू नका. घरात कुणाला भूल दिल्यावर शुद्ध यायला किंवा श्वास परत यायला फार वेळ लागला होता का, कुणी ऑपरेशन टेबलावर अचानक तापलं होतं का, गेल्या महिन्या-दीड महिन्यात फवारणी केली आहे का, शेवटचा घास आणि शेवटचा चहा कधी घेतला, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. चहा घेतला असेल तर घेतला म्हणा. ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढंच. आणि मागे कधी तुमच्या बाबतीत श्वास परत यायला उशीर झालेला असेल तर डिस्चार्ज कार्डावर ते औषधाच्या नावासह लिहून घ्या, आणि भावंडांना, मुलांनाही त्याची एकेक प्रत द्या.